एसईएमने फक्त पृष्ठभाग दिसतो? माशीच्या मेंदूपाशी तरी हे वाक्य सोडा

सोलापुरात फिजिक्स किंवा मटेरियल सायन्समध्ये एम.एस्सी. केलेल्याला एसईएम (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) नवा नाही. पातळ फिल्म असो की कापडाचा तंतू, सोन्याचा मुलामा द्यायचा, इलेक्ट्रॉनचा झोत फिरवायचा, वरच्या खाचाखोचा दिसतात. टीईएममध्ये (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) झोत नमुन्याच्या पातळ कापातून आरपार जातो. त्यातूनच ते पाठ वाक्य येतं: ‘एसईएमने बाहेरचं, टीईएमने आतलं.’ ड्रोसोफिलाच्या चेतापेशींवर पोस्टडॉक करायला निघालेली हुशार मुलंही हेच घोकतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

(ड्रोसोफिला म्हणजे पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी बारकी माशी. पेरू-आंब्याला डंख मारणारी फळमाशी वेगळ्या कुळातली.)

माशीच्या मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींना कशा जोडल्यात, याचे दोन गाजलेले नकाशे बघा. २०२० चा हेमिब्रेन, सुमारे २५,००० चेतापेशींचा, एसईएमवर झाला. २०२४ चा फ्लायवायर, १,३९,२५५ चेतापेशींचा, टीईएमच्या चित्रांवरून. दोन्ही आतलेच.

फरक आहे तो कापण्याच्या क्रमात. टीईएमसाठी आधी कापायचं, मग बघायचं. फ्लायवायरसाठी वापरलेल्या मेंदूचे सुमारे ४० नॅनोमीटर जाडीचे सात हजारांवर काप घेतले होते. कापाच्या पातळीत तपशील ४ नॅनोमीटरचा, पण खोलीत पुढची पायरी थेट ४० वर. फिब-एसईएममध्ये, म्हणजे आयनांचा झोत जोडलेल्या एसईएममध्ये (हेमिब्रेन यावरच झाला), आधी बघायचं, मग खरवडायचं: ठोकळ्याच्या तोंडाचा फोटो, गॅलियम आयनांच्या झोताने काही नॅनोमीटरचा थर उडवायचा, पुन्हा फोटो. दिसतो पृष्ठभागच, पण दर वेळी नवा. तो सपाट असूनही पेशींच्या कडा उमटतात, कारण इथे मागे उसळलेले इलेक्ट्रॉन टिपतात आणि ऑस्मियम हा जड धातू बसलेली पेशींची पटलं ते जास्त परतवतात. थर इतके पातळ उडवल्यामुळे हेमिब्रेनचा व्हॉक्सेल, म्हणजे त्रिमितीय चित्राचा सर्वांत छोटा ठोकळा, तिन्ही दिशांना ८ नॅनोमीटर. (एवढा मोठा नमुना आधी गरम सुरीने २० मायक्रॉनच्या चकत्यांत कापावा लागला, हे खरं.)

माशीत याला फार महत्त्व आहे. तिच्या चेतातंतूंचे काही फाटे ५० नॅनोमीटरहूनही बारीक असतात. असा फाटा कापाच्या पातळीत आडवा धावला तर एक-दोन कापांतच संपतो, आणि पुढे तो कुठे गेला हे ठरवताना संगणक चुकतो. मागावर तुटलेला ताण्याचा धागा शेजारच्याला जोडावा, तशी एक फांदी भलत्याच पेशीच्या नावावर जाते आणि तिच्यावरचे सगळे सिनॅप्सही (चेतापेशींमधले जोड).

टीईएमची जमेची बाजू म्हणजे काप जपून ठेवता येतात, पुन्हा जास्त बारकाईने बघता येतात. फिबमध्ये उडालेला थर परत येत नाही. तरीही बारीक फाट्यांचा गुंता सोडवायचा असेल तर मी फिबच निवडेन. पेपर हातात घेतल्यावर यंत्राच्या नावाआधी व्हॉक्सेलची तिन्ही मापं शोधा. मुलाखतीतही तीच सांगा.

आणि ते रंगीबेरंगी चेतापेशींचे फोटो ‘इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने टिपलेले’ म्हणून पुढे पाठवू नका. मूळ चित्र करडं असतं. पेशी वेगळ्या करून रंग भरतात ते नंतर, संगणकावर.