घाटमाथ्यावरचा वारा आणि मॅरेथॉनचा पेस

जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन जवळ आली की रत्नागिरी, चिपळूण, महाडकडची धावणारी मंडळी डिसेंबरातला एखादा शनिवार-रविवार काढून पोलादपूरहून आंबेनळी घाट चढतात. महाबळेश्वर किंवा पाचगणीला मुक्काम, पहाटे शर्यतीच्या पेसने (किलोमीटरला जितकी मिनिटं लागतात तो पेस) पंधरा-वीस किलोमीटर, मग परत खाली. मीही जातो. दरवेळी कोणीतरी घड्याळाकडे बघून खचतं. खाली रत्नागिरीत भाट्याच्या रस्त्यावर ५ मिनिटं ३० सेकंदांत सहज होणाऱ्या किलोमीटरला इथे ५:५० लागतात आणि दोन महिन्यांची मेहनत वाया गेल्यासारखं वाटतं. तसं काही झालेलं नसतं. उंची आणि वारा मिळून धावणाऱ्याचं काय करतात, हे जगालाही फार उशिरा कळलं. त्या शोधाच्या दोन्ही टोकांना एकच माणूस आहे, म्हणून ही हकिगत सांगावीशी वाटते.

ग्रिफिथ प्यू हे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ. १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेत ते होते. तेनसिंग आणि हिलरी शिखरावर पोचले, त्यामागे ऑक्सिजन किती द्यायचा, दिवसाला पाणी किती प्यायचं, खायचं काय, याचा प्यूंनी बसवलेला हिशोब होता. पुढे १९६३ साली ठरलं की १९६८चं ऑलिंपिक मेक्सिको सिटीत होणार. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर. तिथे लांबच्या शर्यती धावणाऱ्यांचं काय होईल, याचा नेमका अंदाज तेव्हा कोणालाच नव्हता. १९६५ साली प्यू ब्रिटनचे काही धावपटू घेऊन मेक्सिकोला गेले आणि महिनाभर त्यांच्या चाचण्या घेतल्या. निष्कर्ष स्पष्ट होता: शर्यत जितकी लांब तितकं नुकसान जास्त, आणि शरीर रुळायला काही दिवस नव्हे, काही आठवडे लागतात.

१९६८ला तसंच घडलं. १०,००० मीटरचा विश्वविक्रम नावावर असलेला ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क सहावा आला आणि रेषा ओलांडताच कोसळला. त्याला ऑक्सिजन द्यावा लागला. सोनं मिळालं केनियाच्या नफ्ताली टेमूला. १,५०० मीटर केनियाच्याच किप केनोने जिंकली, मॅरेथॉन इथिओपियाच्या मामो वोल्देने. जन्मापासून उंचावर राहिलेली माणसं पुढे आली. विरळ हवेचा दुसरा चेहराही त्याच मैदानावर दिसला. लांब उडीत बॉब बीमनने ८.९० मीटर मारली तेव्हा पाठीचा वारा सेकंदाला बरोबर २ मीटर नोंदला गेला, म्हणजे विक्रमासाठी चालतो तेवढाच, काठावरचा. हवा विरळ, त्यात वारा पाठीशी. काही सेकंदांच्या खेळात हे वरदान ठरतं. दोन-तीन तास दम टिकवायचा असेल तर ऑक्सिजनची तूट त्या फायद्याला गिळून टाकते.

यानंतर प्यू वाऱ्याकडे वळले. बंदिस्त खोलीत ट्रेडमिल, समोरून हवेचा झोत, आणि धावणारा किती ऑक्सिजन घेतो याचं मोजमाप. १९७०-७१मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यांच्या हिशोबाने मध्यम अंतराच्या शर्यतीच्या वेगाला, वारा पडलेला असतानाही, सुमारे साडेसात टक्के शक्ती निव्वळ हवा कापण्यात जाते. दुसऱ्या धावपटूच्या मागे मीटरभर अंतरावर राहिलं तर या रोधातला जवळपास ८० टक्के भाग टळतो. २०१९ साली व्हिएन्नात केनियाचा किपचोगे मॅरेथॉनचं अंतर १:५९:४० मध्ये धावला तेव्हा त्याच्याभोवती पेसरांची, म्हणजे वेग धरून देणाऱ्या धावपटूंची, जी रचना होती, तिच्यामागे हवा अडवण्याचा हाच विचार होता.

आमच्या कामाचा भाग पुढचा आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा तुम्ही ताशी १२ किलोमीटरने, म्हणजे ५ मिनिटांच्या पेसने धावताय आणि समोरून ताशी १२चाच वारा आहे. अंगावर येणारी हवा दुप्पट वेगाची, म्हणून रोध चौपट. वळून परत निघालात तर तोच वारा पाठीशी येतो आणि रोध शून्यावर. जाताना तीन पट भुर्दंड, येताना एका पटीची सूट. म्हणून जाऊन-येऊन सरासरी कधीच फिटत नाही. महाबळेश्वरच्या उंचीवर हवा बारा टक्क्यांच्या आसपास विरळ असते, पण तेवढ्याने या चौपटीचं काय होणार?

दोन दिवस वर राहिलं की दम वाढतो, हा उंचीबद्दलचा गैरसमज मात्र मोडायलाच हवा. १९९७ साली लेव्हिन आणि स्ट्रे-गंडरसन या अमेरिकन संशोधकांनी ‘राहा उंचावर, पळा खाली’ ही पद्धत तपासून मांडली. त्यांचे धावपटू २,५०० मीटरवर राहत आणि सरावाला १,२५० मीटरवर उतरत. पाचगणी साधारण १,३०० मीटरवर आहे. म्हणजे आपलं ‘वर’ हे त्यांचं ‘खाली’! कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटर. दोन रात्रींच्या मुक्कामात ऑक्सिजन वाहणाऱ्या तांबड्या पेशी वाढत नाहीत, कोणी काहीही सांगो. आम्ही वर जातो ते गारव्यासाठी, चढासाठी आणि त्या मोकळ्या वाऱ्यासाठी.

पाचगणीच्या टेबललँड पठारावर पहिल्यांदा धावलो तेव्हा पायाखाली घरचाच जांभा होता. आमच्या सड्यावर असतो तोच, तसाच काळा पडलेला, भोकाभोकांचा, आडोशाला एक झाड नाही. त्या दिवशी मी हट्टाने ५:३० धरून ठेवला. बाराव्या किलोमीटरला नाडी शर्यतीच्या शेवटी असते तिथे पोचली, आणि पुढचे चार दिवस पाय उचलत नव्हते. आता वर गेलो की घड्याळावरचा पेस झाकतो. धापेकडे लक्ष ठेवतो: तुटक का होईना, एक वाक्य बोलता आलं पाहिजे. वाऱ्यात आकडा काय येतो ते घरी येऊन बघायचं.

खाली रत्नागिरीत वाऱ्याचं वेळापत्रक ठरलेलं आहे. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा, ऊन चढलं की समुद्रावरून खारा. भाट्याच्या पुलावर पोचलो की खाडीतल्या होड्यांचे बावटे कुठे फडफडतायत ते आधी बघतो. वारा समोरचा असेल तर पावसच्या रस्त्याला आम्ही चौघं एकामागे एक लागतो. दर किलोमीटरला पुढचा बाजूला होऊन शेपटाला जातो. पुढे असलेल्याने घड्याळ बघायचं नाही, असं ठरलेलं आहे.