पार्श्वभूमी : यंत्र गाडीला, हिशेब माणसाचा

कंपनीच्या गाडीत ट्रॅकर बसवण्याचा वाद कुठेही कोर्टात गेला, तरी मालकाचा पहिला मुद्दा ठरलेला असतो. यंत्र आम्ही गाडीला लावलंय, माणसाला नाही. गाडी आमची, डिझेल आमचं, विमाही आमच्याच नावावर. ऐकताना बिनतोड वाटतं. पण गाडी आपणहून कुठे जात नाही आणि दुपारी वीस मिनिटं दवाखान्यासमोर का उभी होती, हा प्रश्न कोणी गाडीला विचारत नाही. गेल्या पंचवीस वर्षांतले या विषयावरचे बहुतेक निकाल याच एका वाक्याभोवती फिरले आहेत.

उपग्रहांच्या कितीतरी आधी ट्रकच्या केबिनमध्ये टॅकोग्राफ होता. स्पीडोमीटरच्या तबकडीमागे मेणाचा पातळ थर दिलेली तळहाताएवढी कागदी चकती बसवायची. चोवीस तासांत तिचा एक फेरा पूर्ण व्हायचा आणि तेवढ्यात तीन सुया तिच्यावर ओरखडे काढायच्या. एक वेगाचा, एक अंतराचा, एक ड्रायव्हर गाडी हाकतोय की आराम करतोय याचा. सुई वाकवणं, घड्याळ मागे सरकवणं या युक्त्याही तेव्हापासूनच्याच. १९७० मध्ये युरोपीय समुदायाने ही चकती सक्तीची करायचं ठरवलं. ब्रिटनमध्ये ड्रायव्हरांनी तिला ‘केबिनमधला हेर’ म्हणायला सुरुवात केली, संघटना हटून बसल्या आणि सरकारनेही सक्ती टाळली. शेवटी १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयाने ती टाळता येणार नाही असं बजावलं.

त्या हेराबद्दल एक गोष्ट मात्र सांगायला हवी. त्याला गाडी किती धावली हे कळायचं, कुठे गेली हे कळत नव्हतं. शिवाय चकती तपासणी अधिकाऱ्याच्या हातात पडली की मालकाचीही अडचण व्हायची, कारण ड्रायव्हरला झोपू न देता रात्रभर कोणी पिटाळलं हे तिच्यावर कोरलेलं असायचं. म्हणजे तो हेर दोघांवरही नजर ठेवून होता. पुढे आलेल्या यंत्रांत हा दुहेरीपणा उरला नाही.

मधला काळ थोडक्यात सांगतो. १९८८ पासून अमेरिकेत लांब पल्ल्याच्या ट्रकांना उपग्रहावरून निरोप पाठवणारी यंत्रं लागली. टपावर अँटेना, आत ड्रायव्हरजवळ छोटा कीबोर्ड. मग २ मे २००० च्या सुमारास अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि शंभरेक मीटरची अनिश्चितता दहा-वीस मीटरवर आली. गाडी कोणत्या वस्तीत आहे एवढंच आधी कळायचं, आता ती कोणत्या दारात उभी आहे हेही दिसू लागलं. त्यात सिम कार्ड आणि मोबाइल डेटा स्वस्त झाला. मग ट्रकच कशाला, दुरुस्तीवाल्याची व्हॅन, सेल्समनची कार, औषध कंपनीच्या प्रतिनिधीची म्हणजे एमआरची कार, सगळ्यांच्याच डॅशबोर्डखाली काडेपेटीएवढी डबी गेली.

खरा गुंता इथेच सुरू होतो. ट्रक रात्री डेपोत उभा राहतो, एमआरची कार त्याच्या घराखाली. रविवारी त्याच गाडीतून तो सासुरवाडीला जातो, आणि बऱ्याच कंपन्यांत त्याला तशी मुभाही असते.

या गुंत्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण पोर्तुगालचं आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. तिथल्या कामगार कायद्यात एक सरळ दिसणारं कलम आहे. कामगाराचं काम कसं चाललंय हे तपासण्यासाठी ‘दूरस्थ पाळतीची साधनं’ वापरता येणार नाहीत. कॅमेरा त्यात येतो, याबद्दल वाद नाही. पण जीपीएस? २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते त्यात बसत नाही असं म्हटलं. तर्क असा, की जीपीएस फक्त गाडी कुठे आहे ते सांगतं, आत बसलेला माणूस काय करतोय ते सांगत नाही. मालकाचं तेच वाक्य, फक्त न्यायालयाच्या भाषेत. २०१४ मध्ये विदा (म्हणजे डेटा) संरक्षणाच्या नियामकाने नेमकी उलट भूमिका घेतली आणि जीपीएस ही पाळतच आहे असं धरून तिला मर्यादा घातल्या. एकाच देशात, एकाच शब्दाचे दोन अर्थ.

याच सुमारास औषध कंपनीतल्या एका एमआरचं प्रकरण चालू होतं. कंपनीने २०११ मध्ये गाड्यांत जीपीएस बसवलं. खासगी वापराला परवानगी होती, पण त्या किलोमीटरांचे पैसे कर्मचाऱ्याने भरायचे. यंत्र मात्र चोवीस तास चालू, शनिवार-रविवारीही. त्याने नियामकाकडे तक्रार केली, ती फेटाळली गेली. २०१४ मध्ये त्याला कामावरून काढलं. खासगी किलोमीटर लपवण्यासाठी कामाचे किलोमीटर फुगवले, यंत्रात ढवळाढवळ केली आणि कामाचे तास पूर्ण भरले नाहीत, असे आरोप होते. अपील न्यायालयाने मग एक नाजूक कारागिरी केली. तो किती तास काम करत होता हे जीपीएसच्या नोंदींवरून ठरवणं म्हणजे कामावर दुरून पाळत, ते बेकायदा. पण गाडी किती किलोमीटर धावली हा आकडा वापरायला हरकत नाही, कारण अंतर म्हणजे पाळत नव्हे. काढून टाकणं कायम राहिलं.

प्रकरण मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयात गेलं. १३ डिसेंबर २०२२ रोजी निकाल लागला, चार विरुद्ध तीन मतांनी. बहुमताने म्हटलं, फक्त अंतराचा आकडा वापरल्यामुळे खासगी आयुष्यातली घुसखोरी गरजेपुरती मर्यादित राहिली, म्हणून हक्कभंग झालेला नाही. तिघांना ते पटलं नाही.

मलाही पटत नाही. किलोमीटर मोजायला मीटर पुरेसा आहे, तो प्रत्येक गाडीत असतो. ज्या यंत्राने दर रविवारी गाडी कुठे गेली हे साठवलं, त्यातूनच तो आकडा काढला आणि मग ‘आम्ही बाकीचं पाहिलं नाही’ असं सांगितलं. पत्र उघडून फक्त तारीख वाचली, असं म्हणण्यासारखं आहे हे. न्यायाधीशांनी डोळे मिटले, यंत्राने मिटले नव्हते.

फ्रान्समध्ये हाच प्रश्न वेगळ्या टोकाने हाताळला गेला. २००६ मध्येच तिथल्या नियामकाने सांगितलं, की गाडी खासगी कामाला वापरायची मुभा असेल तर कामाची वेळ संपल्यावर यंत्र बंद करण्याची सोय कर्मचाऱ्याच्या हातात हवी. नोव्हेंबर २०११ च्या एका निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन म्हटलं, की ज्या सेल्समनला आपलं काम कसं आखायचं याचं स्वातंत्र्य दिलंय, त्याचे तास असे मोजताच येणार नाहीत. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या सर्वोच्च पातळीच्या न्यायालयाने २०१३ मध्ये निम्मा रस्ता गाठला. तिथे गाडीही कर्मचाऱ्याचीच होती. सरकारी खात्याला वॉरंटशिवाय यंत्र लावता येईल, पण संध्याकाळ, शनिवार-रविवार आणि सुट्टीतल्या सहलीवरही लक्ष ठेवलं हे अवाजवी, असं न्यायालयाने ठरवलं.

अमेरिकेतल्या ट्रकांचा नियम मात्र या सगळ्यांपेक्षा मला प्रामाणिक वाटतो, आणि तो आला भांडणातूनच. २०१० मध्ये तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याने कामाचे तास न पाळणाऱ्या कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्रं सक्तीची केली. स्वतःचे ट्रक चालवणाऱ्या ड्रायव्हरांच्या संघटनेने दावा लावला आणि २०११ मध्ये न्यायालयाने तो नियमच रद्द केला. या यंत्रांनी ड्रायव्हरचा छळ होणार नाही हे पाहा, असं कायद्यात लिहिलेलं होतं आणि खात्याने त्याचा विचारच केला नव्हता. थकलेला ड्रायव्हर बाजूला गाडी लावतो, ऑफिसमधल्या पडद्यावर तो ठिपका थांबलेला दिसतो, लगेच फोन येतो. छळ म्हणजे हे.

डिसेंबर २०१५ च्या सुधारित नियमात छळाची व्याख्या आली आणि सोबत दोन बारीकशा तांत्रिक अटी. ड्रायव्हर झोपायच्या बर्थवर असेल तेव्हा यंत्राचा आवाज बंद करता आला पाहिजे. आणि कामावर असताना जागेची नोंद सुमारे एक मैलाच्या अचूकतेने, पण गाडी खासगी वापरात असेल तर दहा मैलांच्या ढोबळपणाने. यंत्र इथे मुद्दाम अधू केलंय. नंतर कोणी काय पाहिलं, काय नाही, याची शपथ घ्यायची वेळच येत नाही. अर्थात कंपनीने शेजारी स्वतःचा वेगळा ट्रॅकर लावला तर या अटींचा उपयोग नाही.

कायद्याची वाट न पाहणारेही असतातच. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या न्यूअर्क विमानतळाच्या परिसरात जीपीएस जॅमर, म्हणजे उपग्रहाचे संकेत अडवणारी डबी, चालू असलेली एक पिकअप सापडली. विमानं उतरवायला मदत करणाऱ्या नव्या यंत्रणेत त्याने व्यत्यय येत होता. चालवणाऱ्याला विमानांशी काही देणंघेणं नव्हतं, मालकाने कंपनीच्या गाडीत बसवलेला ट्रॅकर त्याला आंधळा करायचा होता. जवळपास ३२ हजार डॉलरच्या दंडाची नोटीस आली, नोकरीही गेली.

अलीकडच्या काळात ‘ट्रॅकर बसवणं’ हा शब्दच जुना होत चाललाय. युरोपात १५ जून २०१९ पासून नव्या ट्रकांचा टॅकोग्राफ स्वतःच उपग्रहावरून जागा नोंदवतो, दिवसाच्या सुरुवातीला, शेवटी आणि दर तीन तासांच्या ड्रायव्हिंगनंतर. जी गोष्ट १९७० च्या चकतीला कळत नव्हती, ती आता तिच्या वारसाला कळते. भारतात २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात नोकरीशी निगडित कारणांसाठी, मालकाचं नुकसान टाळण्यासाठी, संमतीशिवाय माहिती वापरायची वाट ठेवलेली आहे. ती गाडीच्या जागेपर्यंत कुठवर जाते हे पुढे निकालांतूनच ठरेल.

आणि कार, व्हॅन? नव्या मॉडेलांत मोडेम आणि सिम अनेकदा कारखान्यातूनच बसून येतात. डॅशबोर्ड उघडायला नको, वायर जोडायला नको, फ्लीट सांभाळणाऱ्याने संगणकावर एक खातं सुरू केलं की ठिपका दिसायला लागतो. करारपत्रात मात्र अजून ‘वाहनात यंत्र बसवण्यात येईल’ असंच छापलेलं असू शकतं. फ्रान्सने २००६ मध्ये जे बटण ड्रायव्हरच्या हातात द्यायला सांगितलं होतं, ते अशा गाडीत कधी स्टिअरिंगशेजारच्या स्क्रीनवर, दोन मेनूंच्या आत सापडतं. कधी ते ऑफिसातल्या संगणकावर असतं.