सातच्या तीन झाल्या तेव्हापासून : सोलापुरातल्या लोकल एसईओ स्पर्धेची पार्श्वभूमी

सोलापुरात ‘गुगलवर पहिल्या नंबरला आणून देतो’ म्हणणाऱ्या लोकल एसईओ कंपन्या, म्हणजे आसपासच्या गुगल शोधात दुकानाचं नाव वर आणायचं काम करणाऱ्या, आता इतक्या झाल्या आहेत, की नव्या दवाखान्याची पाटी लागायच्या आत डॉक्टरांच्या मोबाइलवर दोन-तीन कोटेशन येऊन पडलेली असतात. शहरातली तरुण मुलं या कामात तरबेज झाली म्हणून स्पर्धा वाढली, असं सर्रास म्हटलं जातं. ते खरंही आहे, पण अर्धंच. भाव पाडायचे, एकमेकांची गिऱ्हाइकं ओढायची, पैसे देऊन रिव्ह्यू टाकून घ्यायचे, हे या स्पर्धेचं आजचं रूप. ते समजून घ्यायचं तर ऑगस्ट २०१५ मधल्या एका निर्णयापाशी जावं लागतं. नकाशाखाली सातऐवजी तीनच दुकानं दाखवायचा तो निर्णय गुगलने घेतला, साऱ्या जगासाठी घेतला. पण त्याची झळ सोलापूरसारख्या मधल्या आकाराच्या शहरांना वेगळीच लागली.

त्याआधीचा काळ थोडक्यात. गिऱ्हाईक मिळवायला केबलवरची पट्टी, पेपरातून वाटलेलं पॅम्प्लेट आणि रिक्षावरचा भोंगा पुरेसा होता. फोनवरून पत्ते सांगणाऱ्या सेवा आल्या, मग त्यांच्या वेबसाइट आल्या आणि दुकानदारांनी तिथे वर्षाचे पैसे भरायला सुरुवात केली. नवी पेठेत आणि रेल्वे लाइन्सच्या आसपास कॉम्प्युटर क्लास चालवणारे किंवा फ्लेक्सची डिझाइनं करणारे लोकच पाच पानांची वेबसाइट बनवून देत आणि बिलात शेवटी ‘एसईओ’ अशी एक ओळ टाकत. त्या ओळीत बहुतेक वेळा मेटा कीवर्ड, म्हणजे पानाच्या कोडमधली वाचणाऱ्याला न दिसणारी शब्दांची यादी, भरण्यापलीकडे काही नसे. रँकिंगसाठी आपण तो टॅग वापरत नाही, हे गुगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं होतं. तरी ती ओळ पुढे कित्येक वर्षं बिलावर राहिली. २०११ चं पांडा आणि एप्रिल २०१२ चं पेंग्विन या, गुगलच्या क्रम लावायच्या पद्धतीतल्या अपडेटनी उचललेला मजकूर आणि विकतच्या लिंक यांना मोठा दणका दिला, पण तो बसला पुण्या-मुंबईच्या एजन्सींना. सोलापुरात तेवढं कामच तेव्हा होत नव्हतं.

एका गोष्टीचा मात्र इथे उल्लेख हवा, कारण तिचा गुंता अजून सुटलेला नाही. इंटरनेटवर गिऱ्हाईक शोधायची खरी निकड या शहरात सर्वांत आधी चादर आणि टॉवेलवाल्यांना होती. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखानदाराचा खरेदीदार सोलापुरात राहत नाही. तो दिल्लीत असतो, दुबईत असतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते देशात ही नोंदणी सुरू झाली त्या अगदी सुरुवातीच्या वर्षांत, तरीही परराज्यात विणलेला माल ‘सोलापुरी’ म्हणून ऑनलाइन विकला जातो. या कारखानदाराला हवा असतो देशभराच्या सर्चमध्ये टिकाव. त्याला विकलं जातं ते मात्र लोकल एसईओचं पॅकेज, म्हणजे अशोक चौकात उभं राहून ‘टॉवेल’ शोधणाऱ्याला दुकान दिसावं याची तजवीज. दोन्ही कामांची गरज वेगळी, मोजमाप वेगळं, लागणारा वेळही वेगळा. कोटेशनवर मात्र दोन्हींना एकच नाव आणि बहुधा एकच भाव.

जून २०१४ मध्ये ‘गुगल माय बिझनेस’ सुरू झालं आणि दुकानदाराला नकाशावरची आपली नोंद, म्हणजेच प्रोफाइल, एका ठिकाणाहून सांभाळता येऊ लागली. नोंद खरी करून घ्यायला पाच आकडी कोड असलेलं पोस्टकार्ड येई. आपल्याकडचे पत्ते ‘अमुक मंदिराच्या मागे, तमुक बोळात’ असे. ते कार्ड कधी शेजारच्या दुकानात पडून राही, कधी जाहिरातीचा कागद समजून टाकून दिलं जाई. शहरातल्या पहिल्या काही लोकल एसईओवाल्यांचं निम्मं काम म्हणजे हे कार्ड मिळवणं, पिन नकाशावर नेमक्या दारात आणून ठेवणं आणि दुकानाचा एक बरा फोटो काढणं हे होतं. काम साधं होतं, पण प्रामाणिक होतं आणि त्याचा उपयोग लगेच दिसत असे.

तेव्हा नकाशाखाली सात दुकानांची यादी येत असे. ऑगस्ट २०१५ मध्ये गुगलने ती तीनवर आणली.

मोबाइलच्या छोट्या पडद्यावर सात नावं मावत नाहीत, वाचणारा तेवढं खाली जात नाही, तेव्हा तीनच दाखवलेली बरी, असा या बदलाचा अर्थ तेव्हा लावला गेला आणि वापरणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर त्यात तथ्य आहे. बाकीची नावं गायब झाली नाहीत. ‘आणखी ठिकाणं’वर बोट ठेवलं की ती दिसतात. निर्णयाची बाजू घेणारे आजही हेच सांगतात. उलट बाजूचं म्हणणं असं, की जे दिसायला आणखी एकदा बोट ठेवावं लागतं ते धंद्याच्या हिशेबात नसल्यासारखंच. मला ही दुसरी बाजू पटते आणि त्यामागे सोलापूरचा भूगोल आहे.

मोठ्या शहरात प्रत्येक उपनगराचं स्वतःचं त्रिकूट तयार होतं. कोथरूडमधला दंतवैद्य हडपसरच्या दंतवैद्याशी झुंजत नाही. सोलापूर आटोपशीर शहर आहे आणि धंदेही एकेका पट्ट्यात गोळा झालेले आहेत. दवाखान्यांची एक रांग, कोचिंग क्लासची एक गल्ली, कापडवाल्यांची एक पेठ. एकाच रस्त्यावर एकाच रोगाचे आठ-दहा डॉक्टर बसलेले असतात आणि त्यांच्याकडे धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गीपर्यंतचे रुग्ण येतात. सात जागा होत्या तोवर त्या रस्त्यावरच्या बहुतेकांना कुठे ना कुठे स्थान मिळे आणि वरच्या-खालच्या क्रमावरून कोणी जिवावर उठत नसे. तीन झाल्या तशी चौथा ते सातवा हे चौघे एका रात्रीत पडद्याबाहेर गेले. हे चौघेच शहरातल्या एसईओ कंपन्यांचं पहिलं मोठं गिऱ्हाईक ठरले. आधी जे काम हौसेने किंवा कुणाच्या सांगण्यावरून केलं जाई, ते आता घाबरून केलं जाऊ लागलं. आणि घाबरलेलं गिऱ्हाईक भाव कमी, पण ‘गॅरंटी’ जास्त मागतं.

ही गॅरंटी देणारे लगेच मिळाले. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असं गुगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलेलं आहे. स्थानिक निकाल तीन गोष्टींवर ठरतात, हेही तिथेच दिलेलं आहे : शोधाशी जुळणारा धंदा, शोधणाऱ्यापासूनचं अंतर आणि धंद्याची प्रसिद्धी. यातलं अंतर कोणत्याही कंपनीच्या हातात नसतं. पण याच अंतराच्या जोरावर गॅरंटी पाळून दाखवता येते. दुकानदार आपल्या गल्ल्यावर बसून स्वतःच्याच मोबाइलवर शोध घेतो. अंतर शून्य, शिवाय त्याच फोनवर तो रोज आपलं प्रोफाइल उघडत असतो. त्याला आपलं दुकान पहिलं दिसणं साहजिक आहे. तोच शोध पाच किलोमीटरवर, जुळे सोलापुरात उभं राहून घेतला तर दुकान बाराव्या जागी असू शकतं. महिनाअखेरच्या रिपोर्टमध्ये मात्र गल्ल्यावरचा स्क्रीनशॉट लागतो आणि त्याच्याखाली बिल. शहरावर जाळी टाकून प्रत्येक चौकातला क्रमांक दाखवणारी साधनं बाजारात आहेत. काही कंपन्या ती वापरतात आणि हिरव्या-लाल ठिपक्यांचा (हिरवा म्हणजे वर, लाल म्हणजे खाली) तो नकाशा गिऱ्हाइकापुढे ठेवतात. लाल ठिपके दाखवायचं धाडस करणाऱ्या कंपनीला दुसऱ्या महिन्यात गिऱ्हाईक गमवावं लागतं, आणि हे अन्यायाचं आहे.

तीनच जागांमुळे आणखी एक प्रश्न उभा राहिला, ज्यावर शहरात उघडपणे फारसं बोललं जात नाही. एका रस्त्यावरच्या चार हाडांच्या डॉक्टरांचं काम एकाच कंपनीने घ्यावं का? सात जागांच्या काळात चौघांनाही आत बसवता येत होतं. आता एक बाहेर राहणारच आणि तोही पूर्ण पैसे भरणारा. वकिलाने दोन्ही पक्षकारांचं वकीलपत्र घेऊ नये हे आपल्याला सांगावं लागत नाही. इथे मात्र तसा संकेत रुजलेला नाही. ‘आम्ही सगळ्यांना सारखीच सेवा देतो’ हे उत्तर ऐकायला बरं वाटतं, पण चौथ्या डॉक्टरला त्याचा उपयोग नाही. उलट बाजूही नोंदवायला हवी : एका धंद्यातलं एकच गिऱ्हाईक घ्यायचं ठरवलं तर सोलापूरच्या बाजारपेठेत लहान कंपनीचा महिन्याचा पगारही निघणं कठीण. पुण्यातल्या कंपनीला जी निवड परवडते ती इथे परवडत नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि शोधणारेच बदलले. अक्कलकोट चाळीसेक किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीसेक, पंढरपूर सत्तरेक. या देवस्थानांच्या मध्ये सोलापूर बसलेलं आहे. चालत्या गाडीतून ‘जवळचं लॉज’, ‘जवळचं जेवण’ असं बोलून शोधणारी कुटुंबं आणि मराठीबरोबर कन्नड, तेलुगू, हिंदीत शोधणारे रुग्णांचे नातेवाईक, ही मागणी खरोखरची होती. लॉजवाले या काळात एसईओ कंपन्यांकडे आले. शहराच्या बहुभाषिकपणाचा फायदा मात्र फार थोड्यांनी ओळखला. घरात तेलुगू आणि बाजारात मराठी बोलणारी मुलं या शहरात घरोघरी आहेत. त्यांच्याकडून कन्नड-तेलुगू गिऱ्हाइकाच्या रिव्ह्यूला त्याच्याच भाषेत उत्तर लिहून घेणं हे पुण्या-हैदराबादच्या कंपनीला सहज न जमणारं काम होतं. स्पर्धा भावावर गेली नसती तर ती इथे व्हायला हवी होती.

त्याऐवजी ती नावावर गेली. पाटीवर ‘श्री क्लिनिक’ असताना गुगलवर ‘श्री क्लिनिक – बेस्ट स्किन स्पेशालिस्ट इन सोलापूर’ असं नाव लावायची साथ आली. पाटीवर असेल तेच नाव लावायचं, हा गुगलचा नियम. पण मोडणाऱ्याला वर्षानुवर्षं फायदा होत राहिला. मग प्रतिस्पर्ध्याच्या नावाची तक्रार करणं हीसुद्धा एक सेवा झाली. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर २०२१ च्या पहिल्या आठवड्यात स्थानिक सर्चमध्ये मोठा बदल झाला. अंतराचं वजन वाढलं आणि नावात कोंबलेल्या शब्दांचं कमी झालं, असं हे काम करणाऱ्यांचं निरीक्षण आहे. नावाच्या जोरावर गावभर दिसणारी दुकानं आपल्या पेठेपुरती उरली. त्या डिसेंबरात ‘रँक पडली’ म्हणून कंपनी बदलणाऱ्यांची रांग लागली होती.

त्याआधी करोना येऊन गेला होता. मार्च २०२० मध्ये गुगलने काही काळ नवे रिव्ह्यू आणि त्यांची उत्तरं थांबवली होती. दुकानं ‘तात्पुरती बंद’ दाखवण्याची सोय दिली होती. त्याच दिवसांत पुण्यात डिजिटल मार्केटिंगची नोकरी करणारी सोलापूरची मुलं घरी परतली. काहींनी तिथलंच काम घरून चालू ठेवलं, काहींनी एक लॅपटॉप आणि फेसबुक पेज एवढ्यावर स्वतःची कंपनी काढली. कामाची समज त्यांना चांगली होती, बाजाराची ओळखही होती. कमी होतं ते भांडवल. म्हणून पहिलं गिऱ्हाईक मिळवायला महिन्याचा दर आधीच्या कंपनीच्या निम्म्यावर आणला गेला आणि तो पुन्हा वर चढला नाही. इतक्या कमी पैशात रिव्ह्यू मागायला गिऱ्हाइकांकडे माणूस पाठवणं परवडत नाही; विकतचे रिव्ह्यू परवडतात. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, पण ते ऐच्छिक आहे आणि पेठेतल्या दुकानापर्यंत त्याची माहितीही पोचलेली नाही.

सगळ्यांत जास्त नुकसान करणारी भांडणं मात्र मालकीची. दुकानाचं प्रोफाइल कंपनीने स्वतःच्या ईमेलवर काढलेलं असतं. दुकानदाराला ‘मॅनेजर’ म्हणूनही घेतलेलं नसतं. करार मोडला की आठ वर्षांचे खरे रिव्ह्यू त्या ईमेलमागे अडकतात. मालकी मागायची सोय गुगलने दिलेली आहे, पण नकार आला तर कागदपत्रांसह अपील करत बसावं लागतं. दुकानदाराने एवढंच करावं : सेटिंगमध्ये लोक आणि प्रवेश हा भाग उघडून ‘मुख्य मालक’ या शब्दांसमोर कोणाचा ईमेल आहे ते आजच बघावं.

मार्च २०२४ मध्ये गुगलने प्रोफाइलवरून फुकट बनणाऱ्या वेबसाइट बंद केल्या. सोलापुरातल्या कितीतरी छोट्या दुकानांची तीच एकमेव वेबसाइट होती. त्या उन्हाळ्यात कंपन्यांना कामाचा पूर आला आणि आणखी नवे गडी उतरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्चच्या माथ्यावर एआयने लिहिलेली उत्तरं भारतात इंग्रजी-हिंदीत सुरू झाली. जुलै २०२५ मध्ये एआय मोड, म्हणजे सगळं उत्तर एआयनेच द्यायची सर्चची सोय, देशात सर्वांसाठी खुला झाला. लगेच ‘एआयमध्ये नाव आणून देतो’ ही नवी गॅरंटी कोटेशनवर आली, तीही तितकीच बिनबुडाची. त्या उत्तरात येणारी नावं प्रोफाइल, रिव्ह्यू आणि वेबसाइटवरच्या माहितीतून मोठ्या प्रमाणावर उचलली जातात, त्यामुळे खालचं काम तेच राहिलं आहे. एका रस्त्यावरच्या त्या चौथ्या डॉक्टरने आता कंपनीला पैशांआधी दोन गोष्टी लेखी मागाव्यात : प्रोफाइल माझ्या ईमेलवर राहील, आणि या रस्त्यावरच्या आणखी किती डॉक्टरांचं काम तुमच्याकडे आहे.