गुरुत्वीय लहरी

गुरुत्वीय लहरी म्हणजे प्रचंड वस्तुमानाचे गोल एकमेकांभोवती वेगाने फिरताना किंवा एकमेकांत मिसळताना अवकाशकालात, म्हणजे अवकाश आणि काळ यांच्या एकत्रित पटात, उठणारे, प्रकाशाच्या वेगाने पसरणारे तरंग. आल्बर्ट आइनस्टाइन यांनी १९१६ साली त्या गणितातून मांडल्या. पुढे खुद्द त्यांनाच या लहरींच्या अस्तित्वाविषयी शंका आली होती. शिवाय त्या अतिशय क्षीण असतात.

लहर जाताना एका दिशेचे अंतर किंचित ताणले जाते, तर तिला काटकोनात असलेल्या दिशेचे आकसते. अमेरिकेतील लायगो या उपकरणाच्या दोन्ही केंद्रांची रचना यावरच बेतलेली आहे. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या, आणि त्यांतून ये-जा करणारा लेसर. नळ्यांच्या टोकाला ४० किलोचे आरसे टांगलेले असतात, तेही ०.४ मिलिमीटर जाडीच्या चार काचतंतूंवर. कारण जमिनीची थरथर आरशापर्यंत पोहोचता कामा नये. लहर आल्यावर चार किलोमीटरच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असू शकतो. हा फरक माणसाने मोजला, याचे नवल आजही ओसरलेले नाही.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर सापडली. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर एक झाली होती. बेरीज ६५ होते, पण उरले ६२ सूर्यांएवढे. तीन सूर्यांचे वस्तुमान लहरींच्या ऊर्जेत गेले. संकेत जेमतेम ०.२ सेकंद टिकला. असा संकेत गोंगाटातून वेचायचा तर तो कसा दिसेल हे आधी माहीत असावे लागते. संभाव्य लहरींचे नमुने आधीच गणिताने तयार ठेवून ते मोजणीशी जुळवत जाण्याची पद्धत घडवण्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोलाचा वाटा आहे. हे काम पहिली लहर सापडण्याच्या पाव शतक आधी सुरू झाले होते. आपल्याकडे त्याची वाच्यता व्हायला हवी तेवढी झाली नाही.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे मृत ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांच्या, मीलनाची लहर आली, आणि १.७ सेकंदांनी त्याच घटनेतले गॅमा किरण पोहोचले. पुढे जगभरच्या दुर्बिणींनी त्या जागेचा प्रकाशही पाहिला. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत तयार होतात, याला त्यातून बळकट आधार मिळाला.

१४ जानेवारी २०२५ चा संकेत तोवरच्या सर्वांहून स्पष्ट होता. दोन कृष्णविवरांच्या पृष्ठभागांचे एकूण क्षेत्रफळ मीलनापूर्वी सुमारे २,४०,००० चौरस किलोमीटर होते, म्हणजे महाराष्ट्राहून कमी. नंतरच्या एका कृष्णविवराचे भरले सुमारे ४,००,०००, महाराष्ट्राहून बरेच जास्त. हे क्षेत्रफळ कधीही घटत नाही, हे स्टीफन हॉकिंग यांचे १९७१ चे म्हणणे या मोजणीत खरे उतरले. घंटेवर टोल पडल्यावर नाद जसा घुमत विरतो, तसे नवे कृष्णविवरही थरथरत शांत होते. तो नादही या संकेतात ऐकू आला. भारतीय भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी तो १९७० मध्येच गणिताने दाखवून दिला होता.

लहर नेमकी कुठून आली हे ठरवायला एकमेकांपासून दूर असलेली अनेक केंद्रे लागतात. म्हणून हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभारायचे ठरले. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली.

याहून कितीतरी संथ लहरीही असतात. आकाशगंगांच्या केंद्रांतली महाकाय कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरताना त्या उठत असाव्यात, आणि त्यांचा एक हेलकावा पुरा व्हायला अनेक वर्षे लागतात. त्यांच्यासाठी पृथ्वीवरच्या नळ्या पुऱ्या पडत नाहीत. तिथे स्पंदक तारे घड्याळाचे काम करतात. सेकंदात शेकडो गिरक्या घेणाऱ्या या ताऱ्यांचे रेडिओ ठोके अत्यंत नियमित येतात. लहरीमुळे ते सेकंदाच्या एक कोटीव्या भागाएवढे किंवा त्याहूनही कमी मागेपुढे होतात. जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण यासाठी फार उपयोगी ठरली. तिच्या ३० तबकड्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत, पण त्या भरीव पत्र्याच्या नाहीत. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून दोरांवर ताणलेली बारीक पोलादी तारेची जाळी वापरली गेली. वारा तिच्यातून आरपार जातो आणि सांगाडाही हलका राहतो. ताऱ्यांमधल्या जागेतील इलेक्ट्रॉनांमुळे ठोके रेंगाळतात, कमी वारंवारतेचे तर फारच. जीएमआरटी नेमक्या त्याच वारंवारता पाहते, त्यामुळे हा उशीर मोजून वजा करता येतो.

जून २०२३ मध्ये भारतीय-जपानी गटाने युरोपीय गटासोबत, आणि अमेरिका, ऑस्ट्रेलिया व चीनच्या गटांनी आपापल्या निरीक्षणांतून, या संथ लहरींचा पुरावा जाहीर केला. हा पुरावा अजून निर्विवाद शोधाच्या कसोटीला उतरलेला नाही. ज्या लहरीचा एक हेलकावाच अनेक वर्षांचा, तिची खात्री पटायला निरीक्षणेही तितकीच लांबवर चालवावी लागतात, आणि ती खोडदला चालू आहेत.