उत्खनन शिबिराची पिशवी: पुरातत्त्व घेतलेल्या पदवी विद्यार्थ्यांसाठी

बी. ए.ला पुरातत्त्व किंवा प्राचीन भारतीय संस्कृती घेऊन पहिल्या शिबिराला निघालेल्यांच्या याद्यांत खोदायच्या वस्तू भरपूर आणि लिहायच्या कमी असतात. टिकाव, घमेली, चाळण्या शिबिरात मिळतात. तुमचा दिवस जातो मोजण्यात, चित्र काढण्यात आणि चिठ्ठ्या लिहिण्यात. पैसे त्या हिशेबाने खर्च करा.

थापी मात्र स्वतःची हवी: 4 इंची, टोकदार, पातं आणि मान एकाच पोलादातून घडवलेली. स्वस्त थापीची मान वेल्डिंगची असते आणि वाळलेल्या घट्ट मातीत नेमकी तिथेच तुटते. टोक खुपसू नका. कड टेकवून माती स्वतःकडे ओढा. टोकाने उकरलं की दोन थरांमधली सीमा फाटते, मग ती कुठे होती हे कोणालाच सांगता येत नाही. झिजून आखूड झालेली थापी टाकू नका, बारीक कामाला तीच बरी.

टेप दोन: 5 मीटर पोलादी आणि 30 मीटर फायबरचा. कापडी घेऊ नका, ओढला की ताणतो. सोबत ओळंबा, न ताणणारी नायलॉनची दोरी आणि दोरीला अडकवायची छोटी लेव्हल. छेदाचं, म्हणजे खड्ड्याच्या उभ्या भिंतीचं, चित्र बहुधा 1:20 प्रमाणात काढतात, म्हणजे 5 मीटरची भिंत कागदावर 25 सेंमी. आलेख कागद ए-3 आकाराचाच न्या. खोलीची मापं भिंतीवर आडव्या ताणलेल्या दोरीपासून खाली घेतात. दोरीला मध्ये झोळ पडला तर मधली मापं कमी येतात आणि सपाट थर कागदावर फुगून वर आलेला दिसतो. दर मीटरला खिळ्याचा आधार द्या.

मातीच्या रंगाचा मन्सेल तक्ता आत्ता विकत घेऊ नका. महाग आहे आणि शिबिरात एक सगळ्यांना पुरतो. रंग वाचताना माती ओलसर, उजेड दिवसाचा, आणि गॉगल काढलेला!

दख्खनच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात खोल भेगा पडतात. वरचे मणी, खापराचे तुकडे त्यातून खाली घसरतात. ताम्रपाषाणयुगीन थरात जोर्वे पद्धतीच्या (त्या काळच्या, लालवर काळी नक्षी असलेल्या) खापरांजवळ एकटाच काचेचा मणी निघाला, तर हरखून जाण्याआधी भेग शोधा, आणि सापडली तर वहीत नोंदवा.

प्रत्येक पिशवीला चिठ्ठ्या दोन, एक आत आणि एक बाहेर. स्थळ, वर्ष, खड्डा, थर, खोली, तारीख हे सगळं पेन्सिलीने लिहा. जेल पेनची शाई ओलीने पसरते. धुतलेली खापरं सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय प्लास्टिकमध्ये भरू नका. बुरशी येते आणि आतली चिठ्ठी कुजते. रंगीत नक्षी असेल तर ब्रश नको.

कार्बन-14 ने वय काढण्यासाठीचा कोळसा थापीच्या टोकावर उचलून थेट ॲल्युमिनियम फॉइलमध्ये. कापूस किंवा कागद लावू नका, त्यांतला आजचा कार्बन मिसळला तर वय चुकतं.

पिशवी म्हणजे परवाना नव्हे. 1958 च्या प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळं कायद्यानुसार संरक्षित स्थळी परवान्याशिवाय उत्खनन हा गुन्हा आहे. गावच्या पांढरीवर (जुन्या वस्तीच्या टेकाडावर) सुट्टीत ‘सराव’ करायचा मोहही आवरा. एकदा उपसलेला थर परत रचता येत नाही.

परतल्यावर थापी धुऊन, पुसून, पात्यावर तेलाचं बोट फिरवा.