उंदीर पडले की घर सोडायचं, ते का?

1896 साली मुंबईत प्लेग आला आणि दोन वर्षांत बेळगाव, धारवाड, हुबळीपर्यंत पोचला. आपल्याकडे जुन्या माणसांच्या आठवणीत एकच खूण राहिली: घरात उंदरं मरून पडाय लागली की गाव सोडून शिवारात खोपी घालून राहायचं. सरकारी धाकानंही लोक बाहेर पडले, पण हा शहाणपणा मुळात खरा होता.

प्लेगचे जंतू मूळचे उंदरांचे आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवांचे. आजारी उंदराचं रक्त प्यायलेल्या पिसूच्या जठराच्या तोंडाशी जंतू वाढतात, त्यांचा लगदा होतो आणि वाट बुजते. प्यायलेलं रक्त आत उतरत नाही, म्हणून उपाशी पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्यात जंतू मिसळलेलं रक्त जखमेत ओकते. उंदीर मेला, अंग गार पडलं, की पिसवा त्याला सोडून दुसरं गरम अंग शोधतात. कौलारू घरात कणगीशेजारी निजलेला माणूस त्यांना जवळच सापडतो. 1898 मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी आजारी उंदराजवळ जाळीपलीकडे निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा स्पर्श होत नव्हता, पिसू मात्र उडी मारून जाऊ शकत होती. निरोगी उंदीरही प्लेगनं मेला. तरी प्लेग पिसवांमुळे पसरतो हे म्हणणं मान्य व्हायला कित्येक वर्षं गेली, आणि त्या वर्षांत माणसं मरतच राहिली.

चावल्यावर बहुधा 2 ते 8 दिवसांत एकदम थंडी वाजून ताप भरतो, डोकं ठणकतं, अंगातलं त्राण जातं. मग गाठ येते. पिसू बहुतेक वेळा पायाला चावते, म्हणून गाठ जास्त करून जांघेत. नाहीतर काखेत किंवा मानेला. ती इतकी दुखते की रोगी पाय सरळ करू देत नाही. उपचार नसेल तर गाठीच्या प्लेगचे 30 ते 60 टक्के रोगी दगावतात. वेळेत स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन मिळालं तर बहुतेक जण वाचतात.

गाठीचा प्लेग सहसा माणसाकडून माणसाला लागत नाही. जंतू फुप्फुसात उतरले तर मात्र खोकल्याच्या तुषारांतून लागतो, आणि तिथे पहिल्या 24 तासांत औषध सुरू होणं जिवाचा प्रश्न असतो. 1994 साली बीड जिल्ह्यात गाठीचा आणि सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला, तेव्हा देशभर घबराट झाली होती.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. साथीची शंका असताना आधी उंदीर मारू नयेत, आधी पिसवा माराव्यात. उंदीर आधी मेले तर त्यांच्या अंगावरच्या उपाशी पिसवा घरभर सुटतात. खानापूरकडच्या भाताच्या कोठारात किंवा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत एकाएकी बरेच उंदीर मरून पडलेले दिसले, तर हात लावू नका, पोरांना आणि मांजरांना लांब ठेवा, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात कळवा. तिथून माणसं येऊन आधी कीटकनाशक फवारतील, उंदरांचं नंतर बघतील.