२७ मतंवाला जिंकला, ३३वाला पडला

१० जून २०२२ला महाराष्ट्रातून राज्यसभेच्या ६ जागांसाठी मतदान झालं. रिंगणात ७ जण होते. शिवसेनेच्या संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३ मतं पडली, भाजपच्या धनंजय महाडिकांना २७. खासदार झाले महाडिक. मग घोडेबाजार, फाटाफूट, खेळी यांची चर्चा रंगली. निकालाचं गणित मात्र कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही सोडवता येतं.

राज्यसभेवर आमदार निवडून देतात आणि मतपत्रिकेवर ते उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितात. एका आमदाराचं मत एकच, पण ते गरजेप्रमाणे पुढच्या पसंतीकडे सरकतं. जिंकायला लागतो तो ‘कोटा’. त्या दिवशी एक जागा रिकामी होती, दोन आमदार तुरुंगात होते, एक मत बाद झालं. २८८ पैकी वैध मतं उरली २८४. प्रत्येक मताचं मूल्य १०० धरतात, म्हणजे एकूण २८,४००. त्याला ६ने नाही, ७ने भागायचं, अपूर्णांक सोडायचा आणि १ मिळवायचा: ४,०५८. सातने का? कारण इतकं मूल्य सहाच जणांना गाठता येतं. सातव्यालाही द्यायचं म्हटलं तर एकूण २८,४०६ हवेत. ही युक्ती १९व्या शतकातल्या हेन्री ड्रूप या इंग्रज बॅरिस्टरची.

आता खरी मेख. भाजपच्या पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मतं, म्हणजे ४,८०० मूल्य मिळालं. कोट्यापेक्षा ७४२ जास्त. हे जास्तीचं वाया जात नाही. ७४२ला ४८ मतपत्रिकांनी भागलं की प्रत्येकीला १५ येतात (अपूर्णांक इथेही सोडतात). त्या सगळ्या मतपत्रिकांवर दुसरी पसंती महाडिकांना असेल, तर एकेकाकडून ७२०, दोघांकडून १,४४०. महाडिकांचे स्वतःचे २,७०० धरून झाले ४,१४०. कोटा पार! पवारांच्या बाजूचे इम्रान प्रतापगढी (४४), प्रफुल्ल पटेल (४३) आणि संजय राऊत (४१) यांच्याकडे शिल्लक होती अनुक्रमे ३४२, २४२ आणि ४२. ती सगळी पवारांना दिली तरी ते ४,०००च्याही अलीकडेच राहतात.

म्हणून ३३ विरुद्ध २७ ही तुलनाच चुकीची आहे. गट मोजा. भाजपच्या तिघांची मिळून १२३ मतं. तीन कोट्यांना लागतात १२,१७४, यांच्याकडे १२,३००. समोरच्या चौघांची १६१. चार कोट्यांना हवेत १६,२३२, यांच्याकडे १६,१००. दोन मतं कमी! आणि बाद झालेलं मत वैध ठरलं असतं तरी कोटाही वाढून ४,०७२ झाला असता, चौथी जागा हुकलीच असती. त्या मतासह काही मतांवरच्या आक्षेपांमुळे मतमोजणी मध्यरात्रीनंतरपर्यंत लांबली, हे आठवलं की गंमत वाटते.

तेव्हा भाजपचे आमदार होते १०६. वरची १७ मतं अपक्ष आणि छोट्या पक्षांकडून आली. राज्यसभेला पक्षाच्या आमदाराने मत दिल्यावर मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, २००३पासून. अपक्षाने मात्र ती कुणालाच दाखवायची नसते. पळवाट म्हणा की स्वातंत्र्य, कस लागतो तो तिथे.

दहाच दिवसांनी विधान परिषदेचं मतदान झालं. पद्धत हीच, पण पूर्ण गुप्त. त्यात काँग्रेसचे पहिल्या क्रमांकाचे उमेदवार चंद्रकांत हंडोरे पडले आणि दुसऱ्या क्रमांकाचे भाई जगताप निवडून आले. कोण फुटलं, ते मतपत्रिका पाहून कुणालाच सांगता येत नाही.